मॅकडॉवेल काउंटी : एकोणीस हजारांपासून एकोणीस हजारांपर्यंत

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्रीसाठी ठेवून द्या.

नोव्हेंबर २०२४. अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर न्यू जर्सीच्या दादाने एक फोटो टाकला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तीस वर्षं तिकडे आहे, मनाने चांगला, जिभेने तिखट. फोटोत कुठल्याशा खाणीच्या भागातली पडकी घरं आणि खाली ओळ : "सरकारी रेशनवर जगतात आणि मत कुणाला देतात बघा. या लोकांचं काही होऊ शकत नाही."

मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. कारण जवळजवळ हेच वाक्य २०१६ साली मी स्वतः लिहिलं होतं, इथेच, याच भिंतीवर. लाइकही बरे मिळाले होते. नंतर एका मित्राने विचारलं, "यातल्या एका तरी गावाचं नाव सांगता येईल तुला?" नव्हतं सांगता आलं. तेव्हापासून एक काउंटी धरून वाचत बसलो. मला जनगणनेचे तक्ते वाचायचा जुना नाद आहे, त्यामुळे कंटाळा आला नाही. त्या वाचनातून जे कळलं ते आज एका ठिकाणी लिहून काढतो. दादालाही हेच पाठवणार आहे.

काउंटीचं नाव मॅकडॉवेल. राज्य वेस्ट व्हर्जिनिया. तुमच्यापैकी काहींनी 'ऑक्टोबर स्काय' हा सिनेमा पाहिला असेल. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात जातो आणि कोळशाच्या गावातली चार पोरं रॉकेट बनवायच्या मागे लागतात, ती गोष्ट. खरी आहे ती. त्यातलं कोलवुड हे गाव याच काउंटीत आहे. तो मुलगा, होमर हिकम, पुढे नासात इंजिनिअर झाला. गावाचं काय झालं, हे सिनेमात फारसं येत नाही.

आधी काउंटी म्हणजे काय ते सांगतो. आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी, पण आकाराने बहुतेकदा तालुक्याएवढं. मोठा फरक असा की तिथे कलेक्टर वरून नेमला जात नाही. काउंटीचा कारभार बघणारे कमिशनर, शेरीफ, सरकारी वकील, एवढंच काय, जमिनीची करआकारणी करणारा असेसरसुद्धा लोक निवडून देतात. हा असेसर लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

मॅकडॉवेल ही वेस्ट व्हर्जिनियाची अगदी दक्षिणेकडची काउंटी. क्षेत्रफळ साधारण १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे शहर आणि उपनगर मिळून जी मुंबई होते तिच्या दुपटीहून जास्त. सगळा भाग अॅपलेशियन डोंगरांचा. उंच शिखरं नाहीत, पण एकाला एक चिकटलेले डोंगर आणि मधे अरुंद घळी. सपाट जमीन म्हणून जी काय आहे ती टग फोर्क, ड्राय फोर्क, एल्कहॉर्न अशा नद्या-ओढ्यांच्या काठाची चिंचोळी पट्टी. त्याच पट्टीत ओढा, रेल्वे, रस्ता आणि घरं. पाऊस जास्त झाला की पाणी थेट घरात. २००१ च्या जुलैमध्ये पूर आला, सावरतात तोवर २००२ च्या मे महिन्यात दुसरा, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत परत, माणसं घेऊन गेला. शेती पोटापुरतीच. आजही या काउंटीतून एकही आंतरराज्य महामार्ग जात नाही. मोठा कारखाना इथे का येत नाही, याचं निम्मं उत्तर हा नकाशाच देतो.

आता आकडे. हे दर खेपेच्या जनगणनेतले आहेत, सावकाश वाचा :

१८८० : ३,०७४
१९०० : १८,७४७
१९२० : ६८,५७१
१९५० : ९८,८८७
१९७० : ५०,६६६
२००० : २७,३२९
२०२० : १९,१११

पहिल्यांदा ही यादी पाहिली तेव्हा मला वाटलं काहीतरी चुकलंय. १९०० आणि २०२० चे आकडे जवळजवळ सारखे! एकशेवीस वर्षांत एक लाख माणसांपर्यंत चढून गाव परत होतं तिथे आलं. या चढाला आणि उताराला एकच कारण आहे, कोळसा. पण "कोळसा संपला म्हणून लोक गेले" असं आपण जे गृहीत धरतो, ते साफ चूक आहे. कसं ते बघू.

काउंटी स्थापन झाली १८५८ साली, तेव्हा ती व्हर्जिनियात होती. यादवी युद्धात, १८६३ साली वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं आणि मॅकडॉवेल तिकडे गेली. दीड-दोन हजार माणसं, मक्याची शेती, शिकार, जंगल. जमिनीखाली काय आहे ते स्थानिक लोकांना माहीत होतं, पण नेणार कसं? रेल्वेच नव्हती. १८७० नंतर भूगर्भाची मोजणी करणारे आले आणि त्यांच्या मागोमाग फिलाडेल्फियाचा पैसा. रेल्वे यायच्या आधीच जमिनी विकत घेतल्या गेल्या, पडेल भावात. रेल्वे आल्यावर त्या जमिनीची किंमत काय होणार हे घेणाऱ्याला पक्कं माहीत होतं, विकणाऱ्याला नव्हतं. १८८३ साली नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे सीमेपलीकडच्या पोकाहोंटास गावापर्यंत पोचली आणि १८९२ पर्यंत काउंटी ओलांडून पुढे गेली. त्याच १८९२ साली काउंटीचं ठाणं वेल्च या नव्या गावात हललं. कागदपत्रं रात्रीतून गाड्यांवर लादून नेली, असं तिथले लोक अजून सांगतात.

१९०१ साली रेल्वे कंपनीने त्या भागातल्या कोळशाच्या जमिनीचा मोठा हिस्साच ताब्यात घेतला. त्याच साली अमेरिकेची सर्वांत बलाढ्य पोलाद कंपनी, यूएस स्टील, जन्माला आली. तिने इथे हजारो एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन अख्खं गाव वसवलं आणि कंपनीच्या अध्यक्षाच्या, एल्बर्ट गॅरीच्या नावाने त्याचं नाव 'गॅरी' ठेवलं. इथला कोळसा साधा नव्हता. धूर कमी, राख कमी, गंधक कमी. आरमाराला हवा तसा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक बनवायला एक नंबर.

म्हणजे काय झालं बघा. मूळची माणसं होती तीन-चार हजार, आणि ती आपल्याच डोंगरावर भाडेकरू झाली. बाकीची लाखभर माणसं बाहेरून आली ती थेट कंपनीच्या घरात. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, बऱ्याच ठिकाणी चर्च आणि शाळेची इमारतसुद्धा. पगाराचा काही भाग 'स्क्रिप' नावाच्या कंपनीच्या नाण्यांत मिळायचा, ती नाणी कंपनीच्याच दुकानात चालायची. नोकरी गेली की घर गेलं.

आली कोण ही माणसं? इटली, हंगेरी, पोलंडहून आली, आणि फार मोठ्या संख्येने दक्षिणेतून कृष्णवर्णीय आले. १९१० साली काउंटीतला जवळजवळ तिसरा माणूस कृष्णवर्णीय होता. आपल्या डोक्यात अॅपलेशिया म्हणजे गोऱ्या लोकांचा गरीब डोंगर असं चित्र असतं, ते इथे लागू पडत नाही. शाळा वेगळ्या होत्या, घरांच्या ओळी वेगळ्या होत्या, भेदभाव होताच. पण एक फरक मोठा होता. व्हर्जिनिया, अलाबामात कृष्णवर्णीयांचा मताधिकार कायदे करून काढून घेतला होता, वेस्ट व्हर्जिनियात तो शाबूत राहिला. मत होतं म्हणून राजकारणात वजन होतं. कीस्टोन या छोट्या गावातून 'मॅकडॉवेल टाइम्स' नावाचं कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक निघायचं, ते या काउंटीला अभिमानाने 'मॅकडॉवेलचं मुक्त राज्य' म्हणायचं. पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी किंबॉल गावात १९२८ साली स्मारकाची इमारत उभी राहिली, देशातली त्या प्रकारची पहिली. त्याच १९२८ साली मिनी बकिंगहॅम हार्पर यांची, त्यांच्या पतीच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर, राज्याच्या विधानसभेत नेमणूक झाली. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. न्यूयॉर्कमधून नाही, शिकागोतून नाही, मॅकडॉवेलमधून!

आणि पक्ष कुठला? रिपब्लिकन. तेव्हाचा रिपब्लिकन पक्ष म्हणजे लिंकनचा पक्ष. कृष्णवर्णीय मतदार त्याच्याबरोबर होते, आणि खाणमालकही. एकाच काउंटीत मालक आणि मजूर एकाच पक्षाला मत देत होते, आपापल्या वेगळ्या कारणांसाठी.

हे फुटलं ते युनियनच्या प्रश्नावर. शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवानचा पोलिसप्रमुख सिड हॅटफिल्ड हा खाणकामगारांच्या बाजूने उभा राहणारा दुर्मीळ पोलिस. मे १९२० मध्ये संपकऱ्यांना घराबाहेर काढायला आलेल्या बाल्डविन-फेल्ट्स या खासगी डिटेक्टिव्ह कंपनीच्या माणसांशी त्याची चकमक झाली, दोन्हीकडची माणसं मेली. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२१ रोजी, एका खटल्यासाठी तो वेल्चच्या कोर्टात आला. सोबत मित्र एड चेंबर्स, दोघांच्या बायका. दोघेही निःशस्त्र. कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्याच कंपनीच्या माणसांनी दोघांना गोळ्या घातल्या. शिक्षा कुणालाही झाली नाही.

त्या बातमीने खोरंच्या खोरं पेटलं. सुमारे दहा हजार खाणकामगार बंदुका घेऊन, गळ्यात लाल रुमाल बांधून निघाले आणि लोगन काउंटीतल्या ब्लेअर माउंटनवर कित्येक दिवस लढाई चालली. यादवी युद्धानंतरचा अमेरिकेतला हा सर्वांत मोठा सशस्त्र उठाव. शेवटी केंद्राचं सैन्य आलं आणि कामगार घरी गेले. युनियनला मान्यता मिळायला आणखी बारा वर्षं लागली. १९३३ साली रूझवेल्ट यांनी संघटनेचा हक्क कायद्यात आणला आणि काही महिन्यांत ही खोरी युनियनची झाली. मतंही फिरली, गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांचीही. तिथून पुढे १९७२ चा निक्सन यांचा अपवाद सोडला तर २००८ पर्यंत मॅकडॉवेलने अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट उमेदवारालाच मत दिलं.

दादा म्हणतो ना, यांना स्वतःचं हित कळत नाही? ज्या वेळी कुणी पगार आणि हक्क घेऊन दारात आलं, त्या वेळी यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याची साथ सोडली नाही, हे आधी लिहून ठेवू.

आता १९५०. लोकसंख्या ९८,८८७. वेल्चच्या रस्त्यावर शनिवारी चालायला जागा नसे, १९४१ सालीच नगरपालिकेला बहुमजली पार्किंग बांधावं लागलं होतं. खाण मात्र माणसं खातच होती. एकट्या बार्टली खाणीत १० जानेवारी १९४० च्या स्फोटात ९१ जण गेले होते.

१९५० साली युनियनचा सर्वेसर्वा जॉन लुइस याने मालकांशी मोठा करार केला. पगार वाढणार, टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या आरोग्य आणि पेन्शन निधीत जाणार. बदल्यात, यंत्रांना युनियन अडवणार नाही. लुइसचा हिशेब असा होता की थोडे कामगार असावेत पण चांगल्या पगाराचे. वाईट हेतू नव्हता. पण 'कंटिन्युअस मायनर' नावाचं यंत्र तेव्हा नुकतंच आलं होतं. सुरुंग लावणं, कोळसा फोडणं, भरणं ही सगळी कामं ते एकटं करायचं. परिणाम बघा. अमेरिकेत १९५० साली कोळशाच्या खाणीत चार लाखांवर माणसं होती आणि उत्पादन ५१ कोटी टनांच्या पुढे. १९६९ साली माणसं सव्वा लाखाच्या आसपास आणि उत्पादन ५६ कोटी टन. कोळसा वाढला, माणसं तिसरा हिस्सा उरली.

मॅकडॉवेलमधून वीस वर्षांत अठ्ठेचाळीस हजार माणसं गेली. क्लीव्हलँड, डेट्रॉइट, कोलंबस, जिथे कारखाने होते तिथे. सगळ्यात आधी यंत्राखाली आली ती हाताने कोळसा भरणाऱ्यांची कामं, आणि त्या कामात कृष्णवर्णीय जास्त होते. म्हणून ते आधी गेले. आज काउंटीत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आहे. "गोऱ्यांचा गरीब डोंगर" हे चित्र असं नंतर तयार झालं.

१९६० साली केनेडी या भागात प्रचाराला फिरले. कॅथलिक माणूस, प्रोटेस्टंट राज्य, पण प्रायमरी जिंकली. त्यांनी जे पाहिलं ते विसरले नाहीत असं म्हणायला जागा आहे, कारण अध्यक्ष झाल्यावरचा त्यांचा पहिलाच आदेश गरिबांना मिळणारं धान्य वाढवण्याचा होता. २९ मे १९६१ रोजी त्यांच्या फूड स्टॅम्प योजनेची पहिली कुपनं वाटली गेली ती वेल्चमध्ये. बेकार खाणकामगाराचं पंधरा माणसांचं कुटुंब, ९५ डॉलरची कुपनं, कृषिमंत्री स्वतः हजर. म्हणजे दादा ज्याला 'सरकारी रेशन' म्हणतो ते तिथे पोचलं तेव्हा खाणी बंद पडल्या नव्हत्या, जोरात चालू होत्या. हे मला कळलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

मग पैसा जात कुठे होता? इथे तो असेसर येतो. शाळा, रस्ते, पाणी यांचा बराच खर्च जमिनीवरच्या कराने भागतो. कर ठरवतो असेसर. तो निवडून येतो, पण ज्या भागात घर, नोकरी आणि दुकान एकाच मालकाचं आहे तिथे मालकाच्या जमिनीचा कर वाढवून कोण निवडून येणार? १९८१ साली अॅपलेशियातल्या सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांच्या जमिनीच्या नोंदी साध्या नागरिकांनी कचेऱ्यांत बसून उतरवून काढल्या. पाहणीत आलेल्या जमिनीपैकी सुमारे ७२ टक्के जमिनीचे मालक त्या काउंटीत राहतच नव्हते. जमिनीखालच्या खनिजावरचा कर तर अनेक ठिकाणी एकरी काही सेंट. म्हणजे कोळसा रेल्वेने गेला, नफा फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कला गेला आणि कर? तो बसलाच नाही. मागे उरलेल्या गावांत सांडपाण्याच्या नळ्या अजून कितीतरी ठिकाणी थेट ओढ्यात सोडलेल्या आहेत, कारण कंपनी गेली आणि गटार बांधायला काउंटीकडे पैसा कधी नव्हताच.

१९८० नंतर अमेरिकेचं पोलादच आजारी पडलं. यूएस स्टीलने गॅरीच्या खाणी बंद केल्या. एका दशकात काउंटी ४९,८९९ वरून ३५,२३३ वर आली. जी माणसं उरली त्यांत म्हातारी, आजारी, फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेली जास्त. त्यानंतर वेदनाशामक गोळ्यांची साथ आली, ती सगळ्यांना माहीत आहे. २०१० च्या सुमाराच्या एका मोजणीत इथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ च्या आसपास निघालं. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या फेअरफॅक्स काउंटीत ते ८२ होतं. एकाच देशात, एका दिवसाच्या गाडीच्या अंतरावर, अठरा वर्षांचा फरक.

किंबॉलमध्ये २००५ साली वॉलमार्ट आलं, लोकांना वाटलं दिवस फिरले. २०१६ च्या जानेवारीत तेही बंद झालं. नवीन काय आलं? तुरुंग. एक केंद्र सरकारचा, एक राज्याचा, आणि राज्याचा तुरुंग वेल्चमधल्या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत. अमेरिकेच्या जनगणनेत कैदी जिथे कोंडलेला असतो तिथला रहिवासी धरला जातो. म्हणजे ते १९,१११ सुद्धा सगळे गावकरी नाहीत. आपल्या घरात राहणारी माणसं १९०० सालापेक्षाही कमी असणार.

आता मतांकडे येतो, कारण दादाचा मुद्दा तोच आहे.

२००८ मध्ये मॅकडॉवेलने बराक ओबामांना ५३ टक्के मतं दिली. २०१२ मध्ये रॉम्नी ६४ टक्के. २०१६ मध्ये ट्रम्प जवळजवळ ७५ टक्के, नंतरच्या दोन निवडणुकांत पाचातली साधारण चार मतं. चार वर्षांत असं काय झालं? "वंशद्वेष" हे एका शब्दाचं उत्तर मी २०१६ साली दिलं होतं. तो अजिबात नाही असं म्हणणार नाही. २०१२ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत वेस्ट व्हर्जिनियात ओबामांच्या विरोधात टेक्सासच्या तुरुंगातल्या एका कैद्याने ४१ टक्के मतं घेतली, हे विसरून कसं चालेल? पण ओबामा २००८ सालीही कृष्णवर्णीयच होते आणि याच काउंटीत जिंकले होते.

मधे दोन गोष्टी झाल्या. खडकातून काढलेला नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि वीज कंपन्यांनी कोळसा सोडायला सुरुवात केली. त्याच वेळी ओबामा सरकारने प्रदूषणाचे नियम कडक केले. पहिली गोष्ट दिसत नाही, दुसरी पेपरात येते. खाणमालकांनी 'कोळशाविरुद्ध युद्ध' असे फलक रस्तोरस्ती लावले. २०१६ च्या मार्चमध्ये हिलरी क्लिंटन एका सभेत बोलून गेल्या की कोळशाच्या कंपन्या आणि कामगारांचा धंदा बंद होणार. मागचं-पुढचं ऐकलं तर त्या या लोकांना नवीन कामं देण्याबद्दल बोलत होत्या. पण मागचं-पुढचं कोण ऐकतो, इथे किंवा तिथे?

हिशेब केला तर गोष्ट उघड आहे. १९५० ते २०१० या काळात, म्हणजे ओबामांचे नियम लागू व्हायच्या आत, काउंटीची ७७ टक्के माणसं गेलेली होती. ती कुठल्या पर्यावरणवाद्याने घालवली नाहीत, यंत्राने आणि पोलादाच्या बाजाराने घालवली. या बाबतीत दादा बरोबर आहे. आणखी एक सांगतो, त्याला आवडेल. ओबामांच्याच आरोग्य कायद्यात सिनेटर बर्ड यांनी एक कलम घातलं होतं, त्यामुळे काळ्या फुप्फुसाच्या आजाराची भरपाई मिळणं खाणकामगारांना सोपं झालं. तो कायदा रद्द करू म्हणणाऱ्या पक्षाला याच लोकांनी मत दिलं. हे खरं आहे, लपवायचं कारण नाही.

पण मग हेही बघा. २०१६ च्याच डेमोक्रॅटिक प्रायमरीत बर्नी सँडर्स यांनी राज्यातल्या सगळ्याच्या सगळ्या ५५ काउंट्या जिंकल्या, मॅकडॉवेलसकट. २०१८ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षकांनी संप केला, तोही ५५ च्या ५५ काउंट्यांत. कितीतरी शिक्षकांच्या गळ्यात ब्लेअर माउंटनचा तोच लाल रुमाल होता. शाळा बंद म्हणजे पोरांचं जेवण बंद, म्हणून शिक्षकांनी डबे बांधून घरोघर पोचवले. संप जिंकला, ५ टक्के पगारवाढ मिळाली. ट्रम्पना भरभरून मतं देणाऱ्या राज्यात हे घडलं. या माणसांना 'अमुक पक्षाचे अडाणी' असा एक शिक्का मारून मोकळं होता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा निकालाच्या टक्केवारीत दिसतच नाही. २००८ असो की २०१६, या काउंटीत एकूण मतदान सहा-साडेसहा हजारांच्या आसपास. मत देऊ शकणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त घरी बसतात. दादाने ज्यांचा फोटो टाकला, त्या पडक्या घरातल्या माणसाने ट्रम्पना मत दिलं असण्यापेक्षा कुणालाच दिलं नसण्याची शक्यता जास्त आहे. कोर्टाच्या पायऱ्यांवर लढणाऱ्यांची ही नातवंडं-पतवंडं. त्यांनी मतदान का सोडलं, हा प्रश्न मला त्यांनी कुणाला मत दिलं यापेक्षा जास्त छळतो.

माझ्यापुरतं उत्तर असं आहे. माणसं गेली की आवाज जातो. १९५० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाचे ६ खासदार होते, आज २ आहेत. जमीन आधीपासून दुसऱ्याची. युनियन खाणीबरोबर गेली, आणि ती नुसती पगाराची संघटना नव्हती. मीटिंग, भाषण, मतदानाला गाडी, निवडणुकीत कुणी काय केलं याचा हिशेब, हे सगळं तिथे व्हायचं. ते गेल्यावर उरला टीव्ही आणि मालकाचा फलक. डेमोक्रॅट पक्षाला ऐंशी वर्षं या मतांची इतकी खात्री होती की त्याने येणं सोडलं. नवीन पक्ष आला तो निदान कोळशाचं नाव घेत आला. खाणमालक जिम जस्टिस २०१६ साली डेमोक्रॅट म्हणून गव्हर्नर झाले, पुढच्याच वर्षी ट्रम्प यांच्या सभेत पक्ष बदलून रिपब्लिकन झाले, आज सिनेटर आहेत. पक्ष बदलला, मालक तोच. मतदाराने तरी यातून काय शिकायचं?

आणि हो, कोळसा अजून आहे. मॅकडॉवेलमधून आजही निघतो, थोड्या माणसांत, पोलादासाठी. रेल्वेने नॉरफोक बंदराकडे जातो आणि तिथून परदेशी. अमेरिकेचा असा कोळसा घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांत भारत आहे, कारण आपल्या पोलाद कारखान्यांना लागणारा कोकिंग कोळसा बहुतेक आयातच करावा लागतो. तेव्हा त्या डोंगराशी आपला काही संबंध नाही असंही नाही. आपल्या एखाद्या पुलाच्या सळईत त्या खोऱ्यातल्या कोळशाची धग असू शकते.

दादा, तू हे शेवटपर्यंत वाचलं असशील तर एवढंच म्हणतो. तुझ्या फोटोखालची ओळ मला लागली कारण ती आधी माझी होती. कोळसा कधी संपला नव्हता, माणसांची गरज संपली, आणि ती संपली तेव्हा जमीन, कर आणि मत यांतलं त्यांच्या हातात फक्त मत उरलं होतं. ते त्यांनी कसं वापरलं यावर तू आणि मी खुशाल भांडू. पण "यांचं काही होऊ शकत नाही" हे वाक्य १९०१ साली जमीन घेणाऱ्यांनाही फार सोयीचं वाटलं असतं.

२०१६ ची माझी ती पोस्ट मी काढून टाकणार नाही. राहू दे. तिच्या खाली ही जोडतो आहे.